प्रेस टूलसाठी पहिली वायरकट: मल्टिकट मॉली, नवीन ब्रास की जुनी जपानी?

डायपंच_भोसरी:
नमस्कार मंडळी. पहिली वायरकट, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणारी मशीन, घ्यायची आहे. भोसरीत छोटी टूलरूम आहे. एक व्हीएमसी (संगणकी मिलिंग मशीन), सरफेस ग्राइंडर, रेडियल ड्रिल, दोन मिलिंग. काम जवळजवळ सगळं प्रेस टूलचं, म्हणजे पत्रा कापणाऱ्या पंच-डायचं. पत्रा सीआरसीए (थंड रोल केलेलं मऊ पोलाद) ०.८ ते २ मिमी, अधूनमधून एसएस ३०४ (स्टेनलेस). डाय प्लेट डी-२ (टूल स्टील), कडकपणा ५८ ते ६० एचआरसी, जाडी २५ ते ४०, मोठ्यात मोठी ३५० × २५०. वायरकटचं काम सध्या बाहेर जातं, महिन्याला साधारण १२० तासांचं. दराबद्दल तक्रार नाही, तारखा पाळल्या जात नाहीत ही खरी अडचण. शिवाय आता ०.३ मिमी पितळी टर्मिनलचं प्रोग्रेसिव्ह टूल (पट्टी एकेक स्टेशन पुढे सरकत भाग तयार होतो ते) यायचंय, त्यात कार्बाइड (अतिकठीण धातू) इन्सर्ट आहेत.

समोर तीन पर्याय आहेत. नवीन चिनी मल्टिकट मॉली (मॉलिब्डेनमची तार पुन्हा पुन्हा वापरून एकाच कडेवर अनेक कट घेणारी), डीके७७४० मापाची. नवीन ब्रास वायर (पितळी तारेची) मशीन, भारतीय किंवा तैवानी. आणि डीलरकडे उभी असलेली १५-१६ वर्षं जुनी जपानी सबमर्ज्ड (जॉब पाण्यात बुडवून कापणारी) मशीन, जिची किंमत नवीन भारतीय मशीनच्या निम्म्याच्या आत आहे.

महावितरणचा मंजूर भार १८ किलोवॅट. पाणी एमआयडीसीचं, पण ते कमी पडलं की बोअर चालू होतं. कुठली घ्यावी, आणि कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च कुठे कुठे लपलेला असतो, ते सांगा.

स्किमकट:
ब्रोशर बाजूला ठेवा आणि आधी क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट, मांडा. ०.८ सीआरसीएला दर बाजूस जाडीच्या ५ टक्के धरले तर ०.०४ मिमी. २ मिमीला ०.१०. तोच हिशेब ०.३ च्या पितळेला लावला की ०.०१५ उरतं, आणि मऊ पितळेला बरेच डायमेकर त्याहूनही कमी ठेवतात. म्हणजे तुमची दोन कामं दोन वेगळ्या वर्गातली आहेत.

साधी एका कटची मॉली ±०.०१५ ते ०.०२ मिमीमध्ये खेळते. मल्टिकट, म्हणजे ज्याला मीडियम स्पीड म्हणतात ती, चांगल्या हातात ±०.०१ देते, फिनिश (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) आरए १ ते १.५ मायक्रोन. सीआरसीएच्या डायला हे पुरतं. टर्मिनलला बघा काय होतं: पंच १० मायक्रोन (०.०१ मिमी) मोठा आणि डाय १० मायक्रोन लहान निघाली, दोन्ही टॉलरन्सच्या आत, तरी दर बाजूचा १५ चा क्लिअरन्स ५ वर येतो. स्टेशनच्या पिचची (एकमेकांतल्या अंतराची) चूक अजून यात धरलेलीच नाही.

मॉलीचा दुसरा स्वभाव कुणी विक्रेता आपणहून सांगत नाही. ब्रासची तार एकदा वापरून स्क्रॅपमध्ये जाते, त्यामुळे कटमध्ये कायम नवीन व्यास असतो. मॉलीची तीच २००-३०० मीटर तार ड्रमवरून सेकंदाला ८-१० मीटरने पुढे-मागे धावत राहते आणि झिजते. ०.१८ ची ०.१६ झाली आणि ऑफसेट (तारेचा मार्ग रेषेपासून जितका बाजूला ठेवतात ते अंतर) तोच राहिला, तर कडा दर बाजूस १० मायक्रोन सरकते. पंच मोठा होतो, डायचं भोक लहान होतं. दोन्ही त्याच झिजलेल्या तारेने कापले की क्लिअरन्स दर बाजूस २० मायक्रोनने खाल्ला जातो. म्हणून रोज सकाळी आणि प्रत्येक पंचाच्या आधी तार मायक्रोमीटरने मोजून ऑफसेट बदलायचा, आणि जोडीचे पंच-डाय शक्यतो सलग कापायचे. ज्या शॉपमध्ये ही शिस्त आहे तिथे मॉली छान चालते. नाही तिथे डाय फाइलने उघडत बसतात.

कार्बाइडसाठी मात्र मॉलीचा विचारही करू नका.

पाणी_आणि_अर्थिंग:
मशीन कुठली यावर बाकीचे बोलतीलच, मी ब्रास वायरच्या लपलेल्या खर्चाबद्दल लिहितो. निम्म्याहून जास्त सर्व्हिस कॉल मशीन बिघडलेली नसताना येतात: पाणी, अर्थिंग, नाहीतर फ्लशिंग (कटमध्ये पाण्याचा मारा).

पाणी. टाकी मशीनप्रमाणे ३०० पासून ७०० लिटरपर्यंत. स्टीलला पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता) साधारण १० ते २० मायक्रोसीमेन्स ठेवतात, कार्बाइडला ५ च्या आसपास. १० लिटर मिक्स बेड रेझिन (पाण्यातले क्षार धरणारे दाणे) ढोबळमानाने २५० ते ३०० ग्रॅम क्षार धरतं. आता टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅम) ५०० चं बोअरचं पाणी ५०० लिटर टाकीत भरलंत तर त्यात २५० ग्रॅम क्षार आले. एका भरणीत अख्खी रेझिन बाटली संपली, एकही ठिणगी पडायच्या आधी. तेच पाणी आरओतून २० वर आणून भरलं तर १० ग्रॅम. म्हणून मशीनच्या यादीत छोटा औद्योगिक आरओ आणि ५०० लिटरची साठवण टाकी आजच लिहा. रोज बाष्पीभवनाने आणि जॉबबरोबर जे पाणी जातं ते भरायलाही आरओच. ऑपरेटरने घाईत नळाची पाइप टाकीत सोडली की महिन्याची रेझिन गेली समजा. त्या नळाला सरळ कुलूप घाला.

रेझिन संपलं हे कसं ओळखायचं? पंप चालू, रेझिनचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडा, आणि तरीही तासभरात कंडक्टिव्हिटीचा आकडा खाली येत नाही. तेव्हा आधी सेन्सरचे दोन इलेक्ट्रोड साफ करून बघा, पितळेचा गाळ बसला की ते खोटं वाचतात. हातातला १,५००-२,००० रुपयांचा कंडक्टिव्हिटी मीटर जवळ ठेवा आणि आठवड्यातून एकदा ताडून बघा. रेझिन कोरडं पडू देऊ नका, जास्तीच्या पिशव्या उन्हात ठेवू नका.

फिल्टर. कागदी कार्ट्रिज असतात, बहुतेक मशीनला दोन, काहींना चार. तासांवर बदलू नका, प्रेशर गेजवर बदला, मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते. जाड जॉबचं रफिंग जास्त असेल तर लवकर चोंदतात. फिल्टर फाटला की स्वच्छ टाकीत काळपट पाणी दिसतं, आणि पाठोपाठ वायर तुटायला लागते. गाळात तांबं-जस्त असतं, वापरलेले फिल्टर आणि रेझिन साध्या कचऱ्यात जात नाहीत. एमपीसीबीच्या (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) नियमाने अधिकृत केंद्राकडेच द्यावे लागतात, आणि त्याची पावती ठेवा.

वीज. ब्रास मशीन, चिलर आणि खोलीचा एसी मिळून जोडलेला भार १२ ते १५ किलोवॅटवर सहज जातो, जरी सरासरी वापर त्याच्या निम्मा असला तरी. तुमचा मंजूर भार १८ आहे आणि व्हीएमसी आधीच त्यावर आहे. लघुदाब औद्योगिक दरात २० किलोवॅटच्या वर गेलं की स्थिर आकार जोडणीमागे न राहता केव्हीए डिमांडवर लागतो. भारवाढीचा अर्ज मशीनच्या ऑर्डरबरोबरच टाका. मशीन येऊन उभी आणि भार मंजूर नाही, हे फार कॉमन आहे.

अर्थिंग वेगळं हवं. मशीनपुरता स्वतंत्र खड्डा, रोध २ ओहमच्या खाली, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज २ व्होल्टच्या आत. वेल्डिंग मशीनच्या अर्थला जोडलंत तर सर्व्हो (तार आणि जॉबमधली फट राखणारी यंत्रणा) विनाकारण मागे-पुढे करतो, एज फाइंडिंग (जॉबची कड शोधणं) दर वेळी वेगळं येतं, आणि तुम्ही गाइड (तार जागेवर धरणारा भाग) बदलत बसता. सर्व्हो स्टॅबिलायझर हवाच. यूपीएस किमान कंट्रोलला. स्किम (रफनंतरचा हलका फिनिशिंग कट) चालू असताना वीज गेली की परत सुरू केल्यावर त्या जागी रेघ राहते, ती नंतर जात नाही. भोसरीत गुरुवारी सुट्टीच्या दिवशी देखभालीसाठी वीज बंद असू शकते, बुधवारी रात्री लांब स्किम लावून जाऊ नका.

खोली. एसी २४ तास चालू ठेवायचा, ऑपरेटर आल्यावर नव्हे. तापमान २ अंशांत बांधलेलं असेल तर २०० मिमीच्या पिचमधली चूक आटोक्यात राहते. स्टील मीटरला अंशामागे ११-१२ मायक्रोन वाढतं, म्हणजे २०० मिमीला ५ अंशांच्या फरकाने साधारण १२ मायक्रोन. चिलरचं गरम वारं खोलीबाहेर काढा. त्याच खोलीत सरफेस ग्राइंडर नको.

जुनं_लोखंड:
जपानी मशीनला सरसकट नाही म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. कास्टिंग, गाइडवे, बॉलस्क्रू चांगले असतात. पण घेताना लोखंड बघून भुलू नका, इलेक्ट्रॉनिक्स बघा. जनरेटरचं एक कार्ड गेलं आणि कंपनीने ते बनवणं बंद केलेलं असेल तर मशीन भंगार. सोडिक, मित्सुबिशी, फॅनुक, मकिनो, कुठलीही असो, मॉडेलचा सिरीअल नंबर घेऊन आधी भारतातल्या अधिकृत ऑफिसला विचारा: कार्ड मिळतं का, रिपेअर होतं का, इंजिनीअर येतो का आणि व्हिजिटचे किती. लेखी उत्तर आल्याशिवाय टोकन देऊ नका.

तिथे गेल्यावर बघायचं ते असं. मशीन थंड असताना सुरू करायला लावा, तुम्ही जायच्या आधी गरम करून ठेवलेली नको. मेमरी बॅटरी कधी बदलली विचारा, आणि सगळ्या पॅरामीटरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर किंवा कागदावर आहे का ते पाहा. बॅटरी मेली आणि बॅकअप नसेल तर पिच एरर कॉम्पेन्सेशन (स्क्रूच्या चुका भरून काढणारा तक्ता) गेलं. टाकीच्या मागे, खालच्या आर्मच्या सीलपाशी हात घाला. तिथून पाणी ठिबकत असेल तर आत गंज असणारच. टेबलवर डायल लावून एक्स आणि वाय दोन्हींत १० मायक्रोनच्या पायऱ्यांनी पुढे-मागे करा, ढिलाई असेल तर दिसते. यू-व्ही अक्ष (तार तिरकी करणारे) शेवटपर्यंत फिरवा, ते वर्षानुवर्षं न वापरल्याने जाम असतात. ऑटो थ्रेडिंग (तार आपोआप ओवणं) सलग १० वेळा लावायला सांगा, निम्म्या वेळा जरी चुकलं तरी समजा ते काम करत नाही.

आणखी एक, जे किमतीत कुणी धरत नाही. जपानी मशीन ३ फेज २०० व्होल्टची असते. आपले ४१५. मधे १५-२० केव्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. जुन्या कंट्रोलला प्रोग्राम फ्लॉपीने किंवा आरएस-२३२ केबलने जात असेल तर त्यालाही सोय करावी लागते. कटिंग कंडिशनच्या टेबलमध्ये डी-२ शोधू नका, एसकेडी-११ नावाने असेल, ते जवळजवळ तेच स्टील आहे.

माझं मत विचाराल तर: ज्याच्याकडे एक वायरकट आधीच चालू आहे त्याने जुनी जपानी दुसरी म्हणून घ्यावी. पहिली म्हणून नाही. बंद पडली की तुम्ही परत त्याच जॉबवर्कवाल्याच्या दारात.

स्किमकट:
वरच्याशी सहमत. फक्त एक जोड, जी नव्या मशीनलाही लागू: कार्बाइड कापायचं असेल तर जनरेटर अँटी-इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एसी प्रकारचा आहे का ते विचारा. जुन्या डीसी जनरेटरमध्ये जॉबमधून पाण्याद्वारे गळतीचा प्रवाह वाहतो आणि कार्बाइडमधला कोबाल्ट विरघळत राहतो. दिसायला पृष्ठभाग ठीक, पण कडेचे दाणे सुटे झालेले असतात आणि काही हजार स्ट्रोकमध्ये धार चुरा होते. डी-२ वर हेच गंजाच्या ठिपक्यांच्या रूपात दिसतं. तुमच्या टर्मिनल टूलसाठी ही अट कोटेशनमध्ये लेखी घ्या.

डायपंच_भोसरी:
खूप उपयोगी, आभार. म्हणजे मॉली सीआरसीएसाठी बरी, पण कार्बाइडमुळे ब्रास अटळ. मग दोन प्रश्न. एक, १२० तासांवर ब्रास मशीनचा हप्ता निघतो का? दोन, रात्री माणसाशिवाय चालवता येते असं विक्रेता म्हणतो, ते कितपत खरं?

तासाचा_हिशेब:
दादा, आकडे मांडून बघू. समजा मशीन, आरओ, स्टॅबिलायझर, खोली सगळं धरून ३० लाख कर्ज, १० टक्के, ५ वर्षं. हप्ता महिन्याला साधारण ६३,७०० रुपये. १२० तासांवर तासाला ५३० रुपये नुसता हप्ता. ३०० तासांवर तोच २१२. मशीनवर जीएसटी १८ टक्के, त्याचं क्रेडिट मिळतं, पण डिलिव्हरीच्या वेळी खिशातून आधी जातो, तेवढं खेळतं भांडवल वेगळं ठेवा.

चालू खर्चात सगळ्यात मोठा तुकडा तारेचा. ०.२५ ची पितळी तार मीटरला सुमारे ०.४२ ग्रॅम. मिनिटाला ८ मीटर वेगाने तासाला २०० ग्रॅम, १० मीटरने २५०. म्हणजे ५ किलोचं रीळ २० ते २५ तास पुरतं. १२० तासांना २४ ते ३० किलो. त्याला आजचा किलोचा भाव लावा, तो तांबं-जस्ताच्या बाजाराबरोबर हलतो. वापरलेली तार कोरडी आणि वेगळी ठेवलीत तर पितळेच्या भावात जाते, इतर बुरादा मिसळला की भाव पडतो. विक्रेते वेग ६ वर आणून तार वाचवून दाखवतात. जाड जॉबवर त्याने तार झिजून तुटते आणि खाली टेपर (उतार) येतो, वाचवलेलं परत जातं.

आता तुमच्या एका डायचा वेळ. ४० मिमी जाडी, परिमिती २०० मिमी, म्हणजे ८,००० चौरस मिमी. रफ १०० चौरस मिमी प्रति मिनिटने ८० मिनिटं. ब्रोशरमधला १६०-२०० चा आकडा सपाट ब्लॉकवर, दोन्ही नोझल (पाणी सोडणारी तोंडं) जॉबला जवळजवळ टेकलेले असताना काढलेला असतो. तुमच्या प्लेटला पायरी असेल आणि वरचा नोझल १० मिमी वर राहिला तर निम्मा वेग धरा. वर दोन-तीन स्किम, प्रत्येकी ३०-४० मिनिटं. सेटिंग धरून एका ओपनिंगला चार तासांच्या आसपास.

तर १२० तास म्हणजे एका शिफ्टचंही पूर्ण काम नाही. नुसता दर बघितला तर जॉबवर्क स्वस्त. तारीख हातात ठेवायची म्हणून घेत असाल तर घ्या, पण उरलेल्या तासांत शेजारच्या दोन-तीन टूलरूमचं काम आणायची तयारी पहिल्या महिन्यापासून हवी. मी असतो तर मोठं मशीन घेतलं नसतं. तुमच्या ३५० × २५० प्लेटला ४०० × ३०० ट्रॅव्हल पुरतं. मात्र प्लेट टेबलात बसली पाहिजे आणि क्लॅम्प नोझलच्या आड येता कामा नये. सर्वांत मोठी प्लेट कागदावर कापून, डेमो मशीनच्या फ्रेमवर ठेवून बघा.

रात्रपाळी_बिनमाणूस:
दुसऱ्या प्रश्नाचं. खरं आहे, पण त्यासाठी कामाचा क्रम बदलावा लागतो. डायचं ओपनिंग पूर्ण कापलं की आतला गोळा पडतो. तो खालच्या नोझलवर आपटला तर नोझल फुटतो, तिरका अडकला तर तार तुटते किंवा भिंतीला चरा पडतो. म्हणून रात्री सगळ्या ओपनिंगचे फक्त रफ, प्रत्येकात ३ ते ५ मिमी टॅब (न कापलेला जोड) राखून. लहान गोळ्याला टॅब कमी चालतो. सकाळी ऑपरेटर चुंबक लावून एकेक टॅब कापतो, गोळा हाताने काढतो. मग सगळ्या स्किम दुसऱ्या रात्री. टॅबची जागा स्किममध्ये किंचित उंचवटा ठेवते, तिथे एक जादा पास द्या किंवा टॅब अशा सरळ बाजूला घ्या जिथे ऑइलस्टोन फिरवता येईल. कोपऱ्यात टॅब कधीच नको.

यासाठी ऑटो थ्रेडिंग अत्यावश्यक. नाहीतर पहिल्या ओपनिंगनंतर मशीन सकाळपर्यंत उभी. आणि थ्रेडिंग चालायचं तर स्टार्ट होल (तार ओवायचं सुरुवातीचं भोक) सरळ, आतून स्वच्छ हवं. १.५ मिमीपेक्षा लहान ठेवू नका, जागा असेल तर ३. ड्रिलने हार्डनिंगच्या आधी मारलेल्या भोकात स्केल बसतो, तो वीज वाहत नाही, तार आत गेल्या गेल्या तुटते. भोकं साफ करा, नाहीतर हार्डनिंगनंतर ईडीएम ड्रिलने (ठिणग्यांनी भोक पाडणाऱ्या मशीनने) मारा. कार्बाइडला तर नेहमीचा मार्ग हाच. ईडीएम ड्रिल स्वतः घ्यायची गरज लगेच नाही, भोकं बाहेरून मारून घ्या, पण खर्चात धरा.

तार तुटण्याची कारणं मी या क्रमाने तपासतो. फ्लशिंग आणि नोझलची फट, ०.१ मिमीच्या आसपास हवी. मग तारेला वीज देणारा कार्बाइड कॉन्टॅक्ट: त्यावर तारेची खाच पडली की फिरवायचा, ५०-१०० तासांनी बघत राहा. मग गाइडमधला गाळ, त्यासाठी गाइड अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये १० मिनिटं. मग टेन्शन. मग तार स्वतः, पावसाळ्यात उघडं पडलेलं रीळ काळवंडतं. पॉवर कमी करणं सगळ्यात शेवटी. बहुतेक ऑपरेटर सुरुवातच तिथून करतात आणि मग मशीन हळू आहे म्हणतात.

सपाट_प्लेट:
मशीनच्या चर्चेत हार्डनिंग कुणी घेतलं नाही म्हणून थोडक्यात. डी-२ २०० अंशांच्या टेंपरला (हार्डनिंगनंतरच्या फेरतापवणीला) ठेवलेला असेल तर आत ताण भरलेला राहतो. मोठं ओपनिंग कापलं की प्लेट उघडते किंवा मिटते, कधी कोपऱ्यातून तडा जातो, आणि दोष वायरकटवर येतो. हार्डनिंगवाल्याला उच्च टेंपर, ५०० अंशांच्या वर, दोनदा मागा. हार्डनेस ५८-६० मध्येच येतो, त्यासाठी हार्डनिंगचं तापमान थोडं वरचं घ्यावं लागतं, ते त्याला माहीत असतं. पंच कापताना ब्लॉकच्या कडेतून आत शिरू नका, स्टार्ट होल घेऊन चहूबाजूंनी चौकट अखंड ठेवा. मोठ्या ओपनिंगला आधी ०.५ ते १ मिमी आत एक मोकळा रफ कट घ्या, गोळा काढा, प्लेट मोकळी करून पुन्हा क्लॅम्प करा, मग खरा रफ आणि स्किम.

ग्राइंडरच्या मॅग्नेटवरून आलेली प्लेट डिमॅग्नेटाइज करूनच टाकीत टाका. चुंबकीय प्लेटमध्ये बुरादा फटीतच चिकटून राहतो.

आणि रफवर थांबलेला डाय कधी प्रेसवर चढवू नका. वितळून परत घट्ट झालेला पांढरा थर १०-२० मायक्रोनचा असतो, ठिसूळ. दोन स्किमनी तो बराच उतरतो.

डायपंच_भोसरी:
हे छापून भिंतीवर लावतो. शेवटचं: दोन विक्रेत्यांकडे पुढच्या आठवड्यात डेमो आहे. नेमका कुठला जॉब कापायला सांगू? ते आपला ठरलेला चांदणीचा नमुना दाखवतील.

स्किमकट:
चांदणी घरी मुलांना द्या. आपला डी-२ चा ५८-६० केलेला, ५० मिमी जाडीचा ब्लॉक घेऊन जा, सोबत २५० मिमी लांब एक २५ मिमीची प्लेट. तार त्यांच्या नेहमीच्या पुरवठादाराचीच, खास आणलेली नको.

ब्लॉकमधून २० मिमीचा चौकोनी पंच, एक रफ आणि तीन स्किम. मायक्रोमीटरने वर, मधे, खाली, एक्स आणि वाय दोन्हीकडे मोजा, एकूण सहा आकडे. त्यात ५ मायक्रोनपेक्षा जास्त फरक नको. मधला आकडा वर-खालच्यापेक्षा वेगळा असेल तर पोट (मधला फुगवटा किंवा खळगा) आहे, कारण स्किमचं सेटिंग नाहीतर तारेचं टेन्शन. एक्स-वायमध्ये फरक असेल तर मशीनच्या भूमितीकडे संशय. बाहेरचे कोपरे लूपखाली बघा, रफमध्ये तार मागे राहते तेव्हा ते गोल होतात, चांगलं कंट्रोल तिथे वेग आपोआप कमी करतं. आतल्या कोपऱ्याची त्रिज्या ०.२५ च्या तारेला ०.१४-०.१५ च्या खाली जाणार नाही, त्याहून कमीचं आश्वासन देणारा विक्रेता ड्रॉइंग वाचत नाही.

प्लेटमध्ये २०० मिमी अंतरावर ८ मिमीची दोन गोल भोकं आणि मधे एक, प्रत्येक वेळी तार कापून ऑटो थ्रेडिंगने. सीएमएमवर (मापं घेणाऱ्या मशीनवर) पिच आणि गोलाई बघा, आणि सीएमएम त्यांचा नको, तुमचा किंवा तिसऱ्याचा. भोकं कापताना मधेच अर्धा तास त्यांच्याशी चहा प्या, खोलीचं तापमान हललं तर पिचमध्ये येईल.

घड्याळ लावून पूर्ण वेळ लिहा, तार लावल्यापासून जॉब हातात येईपर्यंत. आणि तिथेच सुट्या भागांची छापील दरयादी मागा: वरचा-खालचा डायमंड गाइड, पॉवर कॉन्टॅक्ट, नोझल, थ्रेडिंगची नळी, टेन्शन रोलर, खालच्या आर्मचं सील, फिल्टर. यातलं काय पुण्यात स्टॉकमध्ये आहे त्यावर त्यांच्या माणसाकडून टिक करून सही घ्या. वॉरंटीत गाइड आणि सील सहसा नसतात.

तासाचा_हिशेब:
त्या यादीत डीएक्सएफवरून (ड्रॉइंगच्या फाइलवरून) प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअरही धरा. मशीनसोबत येतं का, डोंगल (परवान्याच्या चाव्या) किती, ४ मिमी लँड (सरळ भिंत) ठेवून खाली अर्धा अंश रिलीफ (उतार) देता येतो का, ते तिथेच तुमच्या एका डायच्या ड्रॉइंगवर करून दाखवायला लावा. ऑपरेटरचं प्रशिक्षण किमान आठवडाभर, आणि तुमच्या शॉपमध्ये, तुमच्या जॉबवर. शेवटचे १० टक्के पैसे डेमोतला तोच पंच तुमच्या शॉपमध्ये, इन्स्टॉलेशननंतर पुन्हा कापून त्याच मापात आला की द्यायचे, हे पीओमध्ये (खरेदी ऑर्डरमध्ये) लिहा.